गाडीतला हट्टी वास घालवायचाय? परफ्यूम बाजूला ठेवा आणि या क्रमाने जा

दर पावसाळ्यात ओळखीपाळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, गाडीत वास येतोय, जात नाहीये, काय करू? आणि जवळपास प्रत्येकाने तोवर तीन गोष्टी करून झालेल्या असतात. डॅशबोर्डवर सुगंधाची डबी लावली, वॉशिंग सेंटरला नेऊन आतून शॅम्पू मारून घेतला आणि कोणीतरी सांगितलं म्हणून सोडा भुरभुरला. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी गाडी उन्हात तापली की ये रे माझ्या मागल्या.

या तीनपैकी दोन गोष्टी तशा चुकीच्या नाहीत, पण त्या शेवटी करायच्या असतात आणि लोक सुरुवातच तिथून करतात. वास कुठल्या तरी वस्तूत मुरलेला असतो, हवेत तो फक्त येत राहतो. ती वस्तू ओली असेल तर आधी वाळवावी लागते, मग वास कशाचा आहे ते बघून औषध करावं लागतं, मग एसी, आणि सगळ्यात शेवटी हवा. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि वास राहतो. खाली सगळं सविस्तर लिहिलंय, एक शनिवार-रविवार धरून चाला, कार्पेट भिजलेलं असेल तर चार-पाच दिवस.

## सुरू करण्याआधी: हे वास धुऊन जाणारे नाहीत

काही वास म्हणजे गाडी काहीतरी सांगत असते, तिथे कपडा-बादली घेऊन बसू नका.

पेट्रोलचा वास आत येत असेल तर कुठेतरी गळती आहे. सीएनजी गाडीत गॅसचा तो उग्र वास आला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, दारं उघडून सगळे खाली उतरा, सिलेंडरचा वॉल्व्ह हाताशी असेल तर बंद करा आणि तपासून घेतल्याशिवाय पुन्हा चालू करू नका. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणूनच तो मिसळलेला असतो, त्यामुळे "थोडाच येतोय" म्हणून सोडून द्यायचा नाही. गोडसर वास आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल तर हीटरच्या कॉइलमधून कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) गळतंय. सडक्या अंड्यासारखा वास बॅटरी जास्त चार्ज होत असल्याने किंवा सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे येऊ शकतो. वायर जळल्यासारखा वास आला तर लगेच थांबायचं. हे सगळे वास मेकॅनिकचे.

बाकीचे, म्हणजे कुबट, आंबूस, हिवस, खवट, सिगरेटचा, मेलेल्या उंदराचा, हे आपले.

## १. वास नक्की कुठून येतो ते शोधा

या पायरीला अर्धा तास द्या. लोक इथे पाच मिनिटं देतात आणि मग पूर्ण गाडी धूत बसतात.

गाडी सगळ्या काचा बंद करून उन्हात दोन-तीन तास ठेवा. मग एक दार उघडा आणि पहिला श्वास लक्ष देऊन घ्या, कारण नाकाला मिनिटभरात सवय होते आणि नंतर काहीच कळत नाही. खरं तर रोज गाडी चालवणाऱ्याने हे करूच नये, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी बोलवा, शक्यतो ज्याला आठवडाभर त्या गाडीत बसायची वेळ आलेली नाही. प्रत्येक दार वेगवेगळं उघडायचं, मध्ये दहा मिनिटं जाऊ द्यायची. डिक्की वेगळी.

नंतर गुडघ्यावर बसून नाक खाली न्या. सीटखाली, फूटमॅटखाली, सीटच्या पाठीच्या आणि बसायच्या भागाच्या फटीत, बाळाच्या सीटखाली, डिक्कीत स्टेपनीच्या खड्ड्यात. स्टेपनी उचलूनच बघा, तिथे पाणी साचून राहिलेलं असतं आणि महिनोन् महिने कोणाला पत्ता नसतो.

वास एसी चालू केल्यावर पहिल्या दहा-वीस सेकंदांतच येतो आणि मग कमी होतो? मग संशय कूलिंग कॉइलवर, म्हणजे एसीत हवा जिथे गार होते त्या भागावर घ्या. एसी बंद असतानाही येतो? मग कापडात, फोममध्ये किंवा कार्पेटखाली आहे.

तपासणी: रद्दी पेपरची जाड घडी करा, चारही पायांच्या जागी कार्पेटवर ठेवून तिच्यावर मिनिटभर पूर्ण वजन देऊन उभे राहा. पेपर दमट झाला तर वरून कोरडं वाटणारं कार्पेट खालून ओलं आहे. सकाळी काचांवर आतून दव धरत असेल तर तेही याचंच लक्षण.

## २. सामान आधी जमवा

अर्ध्यावर कार्पेट उचललंय आणि मग दुकान शोधत फिरायचं, असं करू नका. लागेल ते असं:

- रबरी हातमोजे आणि मास्क
- मायक्रोफायबरची सात-आठ फडकी, मऊ ब्रश, एक जुना टूथब्रश
- ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम (नसेल तर भाड्याने किंवा सेंटरवर फक्त तेवढंच काम करून घ्या)
- टेबल फॅन आणि लांब एक्स्टेंशन वायर
- खाण्याचा सोडा, अर्धा किलो
- पांढरं व्हिनेगर
- एन्झाइमवालं क्लीनर, पेट शॉपमध्ये कुत्र्या-मांजराच्या शू-शीचा वास घालवायला मिळतं ते
- सौम्य शॅम्पू किंवा भांड्यांच्या लिक्विडचे काही थेंब
- नवीन केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा), तुमच्या मॉडेलचा
- एसीची कॉइल साफ करायला मिळणारा फेसाळ क्लीनरचा (फोमचा) डबा

सावध: खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा यात गल्लत करू नका. किराणा दुकानात नुसतं "सोडा द्या" म्हटलं की काहीही हातात येतं. धुण्याचा सोडा बराच तीव्र असतो, कापडाचा रंग आणि लेदरची वाट लावतो.

आणखी सावध: ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि गाडीसारख्या बंद जागेत तो फार वाईट. खरं तर कापडाला ब्लीच लावायचंच नाही.

## ३. गाडी रिकामी करा आणि कोरडी साफ करा

सगळं बाहेर काढा, सगळं म्हणजे दाराच्या कप्प्यातली बिलं, सीटमागच्या खिशातले वेफर्सचे पुडे, डिक्कीतली छत्री, क्रिकेटची बॅग, पायपुसणं, मागच्या काचेजवळची उशी. उशी आणि सीटकव्हर घरी धुवायला टाका. कितीतरी वेळा वास त्या उशीचा किंवा दोन पावसाळे डिक्कीत पडलेल्या टॉवेलचाच निघतो आणि पुढचं काम वाचतं.

मग कोरडा व्हॅक्यूम. पुढची सीट पूर्ण पुढे सरकवून मागून, पूर्ण मागे सरकवून पुढून. सीटच्या रेल्समध्ये टूथब्रश. बिस्किटाचा चुरा, शेंगदाण्याची टरफलं, प्रसादाचा तुकडा, यातलं काहीही ओलं झालं की आंबतं. ओलं काम सुरू करायच्या आत हे निघालंच पाहिजे, नाहीतर त्याचा चिखल होऊन कापडात आणखी आत जातो.

अपवाद: उंदराची लेंडी किंवा घरटं दिसलं तर व्हॅक्यूम लावू नका, झाडूही नको. त्याचं खाली वेगळं लिहिलंय.

## ४. पाणी आत येतंय का? तो रस्ता आधी बंद करा

कुबट वास असेल तर ही पायरी गाळून पुढचं काहीच टिकणार नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा प्रकार होतो. लोक सीट घासत बसतात आणि पाणी येत असतं वायपरखालून.

बॉनेट उघडा, पुढच्या काचेच्या खाली वायपरजवळ जी प्लास्टिकची जाळी असते तिच्या दोन्ही टोकांना पाणी खाली जायची भोकं असतात. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर ती पानांनी बुजतात. गेल्या वर्षी शेजारच्या काकांच्या गाडीतून मी बोटाने ओढून काढलं तर गुलमोहराच्या बारीक पानांचा काळा, चहाच्या चोथ्यासारखा गोळा निघाला, मूठभर, आणि त्याच्या मागोमाग तुंबलेलं पाणी भस्सकन खाली गेलं. ते पाणी तोवर ब्लोअरच्या (एसीच्या पंख्याच्या) बाजूने आत डाव्या सीटच्या पायाशी उतरत होतं.

बाकीच्या जागा पटापट बघा: सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यातल्या पन्हळ्या, दाराचं रबर कुठे फाटलंय किंवा निघालंय का, दाराच्या खालच्या कडेची भोकं मातीने बुजलीत का, डिक्कीत टेललाइटच्या मागे ओल आहे का.

आणि एसीची नळी. दमट हवेत वीस-पंचवीस मिनिटं एसी चालला की गाडीखाली पाणी ठिबकायलाच हवं. ठिबकत नसेल तर बहुधा नळी तुंबली आहे आणि ते पाणी डॅशबोर्डखालून आत कार्पेटमध्ये मुरतंय. नळी मेकॅनिककडून साफ करून घ्या, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. घरी करायचंच असेल तर खालच्या टोकातून मऊ प्लास्टिकची तार हळू फिरवा, लोखंडी सळई नको, आत कॉइल असते.

तपासणी: एकाने पाईपने छतावर आणि काचेवर पाच मिनिटं पाणी सोडायचं, दुसऱ्याने आत बसून टॉर्च घेऊन पायाशी बघायचं. प्रेशर वॉशर वापरू नका, त्याने चांगल्या रबरातूनही पाणी शिरतं आणि उगीच घोळ होतो.

## ५. कार्पेट उचला, खालचा थर वाळवा

बहुतेकांचं इथेच चुकतं. गाडीतलं कार्पेट दिसायला पातळ असतं, पण त्याच्या खाली आवाज अडवायला फोमचा किंवा नमद्यासारखा जाड थर असतो आणि तो स्पंजसारखं पाणी धरून ठेवतो. वरून हात फिरवला तर कोरडं.

माझ्याच गाडीची गोष्ट सांगतो. गावाहून येताना दुधाच्या किटलीचं झाकण सैल राहिलं आणि मागच्या पायाशी दोनेक लिटर दूध सांडलं. लगेच फडक्याने पुसलं, दुसऱ्या दिवशी एका सेंटरवर शॅम्पू करून घेतला, वरून कार्पेट एकदम स्वच्छ. पाचव्या दिवशी दार उघडवेना. शेवटी दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी काढून कार्पेट उचललं तर खालच्या करड्या फोमला बोट लावल्या लावल्या पांढरट पाणी वर आलं, दह्याच्या निवळीसारखं. शॅम्पूच्या पाण्याने दूध आणखी खाली ढकललं होतं, एवढंच झालं होतं.

तर असं करा. दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी हळू वर ओढा, ती क्लिपांवर असते, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळा म्हणजे ओरखडे येणार नाहीत. कार्पेटची कड मोकळी होते. ती वर उचलून खाली पाण्याची रिकामी बाटली किंवा लाकडाचा ठोकळा घाला, म्हणजे मध्ये हवा खेळेल. आधी ओला व्हॅक्यूम खालच्या थरावर दाबून फिरवा, जेवढं पाणी ओढलं जाईल तेवढं ओढा. पत्र्यावर साचलेलं पाणी फडक्याने टिपा.

मग टेबल फॅन, त्याचं तोंड बरोबर त्या फटीकडे. ऑक्टोबरचं ऊन असेल तर चारही दारं उघडी टाकून दोन दिवसांत काम होतं. पावसाळ्यात मात्र दारं उघडी टाकून काही उपयोग नाही, मुंबई-कोकणची हवाच एवढी दमट असते की उलट ओल आत येते. तेव्हा मोकळ्या जागेत गाडी चालू करून काचा बंद, एसी चालू, हवा आतल्या आत फिरणारं बटण दाबलेलं आणि तापमान गरमकडे, असं अर्धा-अर्धा तास दिवसातून दोन-तीनदा करा. एसी हवेतलं पाणी ओढून खालच्या नळीतून बाहेर टाकतो, गरम हवेने कार्पेटमधली ओल सुटते. मधल्या वेळात फॅन.

सावध: हे बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये करू नका, इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

सावध: सीट काढायच्या भानगडीत स्वतः पडू नका. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी वायर दिसली तर तिला हात लावायचा नाही. सीट काढल्याशिवाय कार्पेट निघणारच नसेल तर तेवढं काम गॅरेजमधून करून घ्या, पण वाळवायचं काम स्वतः करा, कारण चार दिवस तुमच्या गाडीपाशी फॅन लावून कोणी बसत नाही.

तपासणी: पुन्हा पेपरची घडी, या वेळी थेट खालच्या थरावर. कोरडी निघाली तरच पुढे. घाई केलीत तर आतापर्यंतचे सगळे कष्ट वाया.

## ६. आता औषध, पण वास बघून

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफस फेस आला की लोकांना वाटतं जबरदस्त सफाई झाली. प्रत्यक्षात दोघं एकमेकांना मारतात आणि हातात राहतं जवळजवळ खारट पाणी. एका वेळी एकच वापरायचं आणि कुठला कशावर ते ठरलेलं आहे.

दूध, दही, ताक, आइस्क्रीम: आंबलेल्या दुधाचा वास आम्लाचा असतो, पण मूळ दुखणं म्हणजे फोममध्ये राहिलेलं प्रथिन आणि स्निग्ध. गरम पाणी अजिबात नाही, त्याने प्रथिन धाग्यांवर घट्ट बसतं. गार पाण्याने थोडं भिजवा, व्हॅक्यूमने ओढा, असं दोन-तीनदा. नंतर एन्झाइमचं क्लीनर. दूध जिथपर्यंत मुरलंय तिथपर्यंत ते पोचलं पाहिजे, म्हणजे नुसता वरून फवारा नाही, नीट ओतायचं, वर प्लास्टिकचा कागद टाकून डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ ओलं ठेवायचं. वाळलं की एन्झाइमचं काम थांबतं. त्याच्या आधी किंवा बरोबर ब्लीच, जंतुनाशक, व्हिनेगर यातलं काही लावलं तर एन्झाइम मरतं. वेळ झाली की ओढून घ्या आणि पाचवी पायरी पुन्हा. हो, पुन्हा वाळवायचं.

उलटी: आंबा घाट किंवा अणुस्कुऱ्याची वळणं उतरताना मागच्या सीटवर हे होतंच. आधी घट्ट भाग पत्त्याच्या कार्डाने किंवा जाड पुठ्ठ्याने उचला, पुसू नका, पुसलं की आत जातं. ओलावा टिपा, सोडा जाड थराने टाका, तो इथे उपयोगी आहे कारण वास आम्लाचा आहे. अर्ध्या तासाने व्हॅक्यूम, मग गार पाणी, मग एन्झाइम. सीटबेल्टचं बक्कल जिथे अडकतं ती फट आणि बाळाच्या सीटच्या पट्ट्या विसरू नका, परत येणारा वास हमखास तिथलाच असतो.

मासळी, सुकट, सुके बोंबील: इथे सोडा चालत नाही. मासळीचा वास अमाइन नावाच्या अल्कधर्मी पदार्थांचा, तो आम्लाने मरतो. आपण मासे करताना लिंबू, कोकम, चिंच घालतो त्याचंच हे काम. एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी, फडकं भिजवून पिळून त्या जागेवर दाबत टिपायचं, दहा मिनिटांनी साध्या पाण्याच्या फडक्याने. बर्फाचं पाणी गळून खाली गेलं असेल तर स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालावाच लागेल. व्हिनेगरचा स्वतःचा वास एक-दोन दिवसांत उडून जातो. आधी कोपऱ्यात लावून रंग जात नाही ना ते बघा.

सिगरेट, विडी: धुरातला चिकट डांबरासारखा थर काचांवर, प्लास्टिकवर, छताच्या कापडावर बसलेला असतो. काच आतून पांढऱ्या फडक्याने पुसून बघा, फडकं पिवळं येतं. सगळे कडक भाग सौम्य साबणाच्या पाण्याने दोनदा पुसा, दर वेळी फडकं बदलत. जुन्या गाडीत हा वास शून्यावर येईल असं मी म्हणणार नाही, पण सहन होण्याजोगा नक्की होतो.

उंदीर: मेलेला उंदीर असेल तर तो सापडेपर्यंत इलाज नाही. बॉनेटखाली, केबिन फिल्टरच्या खोबणीत, ब्लोअरच्या पिंजऱ्यात, सीटखाली बघा. हातमोजे आणि मास्क घालूनच. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, पावसाळ्यात आपल्याकडे तो दरवर्षी माणसं नेतो, त्यामुळे इथे धाडस नको. लेंड्या आणि घरटं आधी जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग कागदाने उचलून दुहेरी पिशवीत. कुरतडलेल्या वायरी दिसल्या तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय गाडी चालवू नका.

नुसता कुबट, ओलीचा: फोम नीट वाळला की यातला बराचसा वास आपोआप गेलेला असतो. उरलेल्यासाठी व्हिनेगरचं वरचंच पाणी हलक्या हाताने आणि पुन्हा वाळवणं. बुरशीचे काळे ठिपके खालच्या थरावर पसरले असतील तर तो तुकडा कापून नवीन टाका, तो वाचवायचा प्रयत्न करू नका.

## ७. सीट, पट्टे आणि छत

कापडी सीटला पाणी कमी, फेस जास्त. बादलीत शॅम्पूचा फेस करून फक्त फेस ब्रशने घ्यायचा, हातभर जागा घासायची, ओल्या फडक्याने पुसायची, व्हॅक्यूमने ओढायची, मग पुढची जागा. पूर्ण सीट एकदम भिजवली तर आतला फोम दोन दिवस वाळत नाही आणि नवीन कुबट वास तयार होतो. भर पावसाळ्यात अख्ख्या गाडीचं शॅम्पूइंग करून घेणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना, गरज असेल तेवढीच जागा करा.

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा आणि चिमट्याने अडकवून ठेवा म्हणजे परत आत जाणार नाही. हाताचा मळ, घाम, केसाचं तेल, सगळं त्या पट्ट्यात असतं आणि तो साफ करायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, साधं पाणी, पूर्ण वाळू द्या. पट्ट्याला ब्लीच किंवा कडक केमिकल लावलं तर त्याची ताकद कमी होते, अपघातात तोच जीव वाचवतो, तेव्हा इथे सौम्यच.

छताला फक्त पिळून घेतलेलं फडकं, हलक्या हाताने, एकाच दिशेने. छताचं कापड गोंदाने चिकटवलेलं असतं, भिजलं की सुटून डोक्यावर लोंबायला लागतं.

## ८. एसी आणि केबिन फिल्टर

आतलं सगळं साफ झाल्याशिवाय एसीकडे वळू नका, नाहीतर नवीन फिल्टर जुना वास ओढून घेतो.

केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी आत दाबला की खाली झुकतो, मागे चौकोनी झाकण, आत फिल्टर. काळा, पानांनी भरलेला निघेल. तो झटकून परत बसवू नका, नवीन घाला. त्यावरचा बाण हवेच्या दिशेला ठेवायचा, उलटा बसवलेला फिल्टर मी अनेक गाड्यांत बघितलाय. वर्षातून एकदा किंवा दहा-पंधरा हजार किलोमीटरला बदला, धुळीच्या रस्त्यावर रोजचं जाणं असेल तर लवकर. काही जुन्या किंवा स्वस्त मॉडेलांत खोबण असते पण फिल्टर बसवलेलाच नसतो, तेही बघून घ्या.

जुना फिल्टर काढल्यावर, नवीन घालायच्या आधी, कॉइलवर फोम मारायचा. इंजिन आणि ब्लोअर बंद ठेवून डब्याची लांब नळी डब्यावर सांगितलेल्या जागेतून आत सरकवा, मारत मारत हळूहळू मागे घ्या. सांगितलेला वेळ थांबा, तोवर मळलेलं पाणी गाडीखाली ठिबकायला लागेल. मग सगळ्या काचा उघड्या, एसी बंद, ब्लोअर फुल, दहा मिनिटं. ब्लोअरच्या मोटरवर आणि वायरींच्या जोडांवर फोम जाऊ देऊ नका. आसपास काडी, सिगरेट, उदबत्ती काही नको, यातले बरेच डबे पेट घेतात.

आणि रोजची सवय: घरी पोचायच्या तीन-चार मिनिटं आधी एसीचं बटण बंद, ब्लोअर चालू. ओली कॉइल तशीच अंधारात बंद केली की तिच्यावर बुरशी धरते, एसी लावल्यावर मोज्यासारखा वास येतो तो याचाच.

## ९. शेवटचा हात: सोडा किंवा कोळसा

आता सोडा. पूर्ण कोरड्या कार्पेटवर आणि सीटवर चाळणीने पातळ थर, रात्रभर काचा बंद, सकाळी व्हॅक्यूम. ओल्यावर टाकलात तर गोळे होऊन धाग्यांत बसतो आणि महिनाभर पांढरं निघत राहतं.

सक्रिय कोळशाच्या पिशव्या मिळतात, त्या सीटखाली ठेवायला चांगल्या. शेगडीचा साधा कोळसा त्या मानाने फार कमी वास धरतो. कॉफी पावडर, कापूर, संत्र्याची सालं यांनी फक्त एका वासावर दुसरा चढतो, आणि सालं दमटात आंबतातही.

ओझोन मशीन, म्हणजे वास मारायला गाडीत ओझोन वायू सोडणारं यंत्र, बरीच सेंटर्स वापरतात. सिगरेटच्या वासावर ते शेवटचा उपाय म्हणून चालतं, पण आधीची सगळी सफाई झाल्यावरच. ओझोन फुप्फुसाला वाईट, जास्त वेळ मारला तर रबरही कडक करतो. मशीन चालू असताना आत माणूस, कुत्रं, कोणीही नको आणि नंतर दारं उघडून गाडी निदान एक-दोन तास मोकळी ठेवायची. ओल्या गाडीत ओझोन मारून देणाऱ्याकडे जाऊ नका.

## १०. झालं का ते असं बघा

सुगंधाची कुठलीही डबी न लावता गाडी पुन्हा काचा बंद करून दोन-तीन तास उन्हात ठेवा. पहिल्या पायरीला ज्याला बोलावलं होतं त्यालाच बोलवा, तेच दार उघडायला सांगा. काही नाही म्हणाला तरी एक आठवडा थांबा आणि पुन्हा तेच करा, कारण फोममध्ये खोल राहिलेला वास पहिल्या दोन दिवसांत कळत नाही.

वास परत आलाच तर सगळं पहिल्यापासून करू नका. पेपरची घडी टाका. पेपर दमट असेल तर चौथी पायरी अर्धवट राहिलीये, कुठून तरी पाणी येतंच आहे. पेपर कोरडा आणि वास त्याच जागी असेल तर एन्झाइम पूर्ण खोलवर पोचलं नव्हतं, तेवढ्या जागेला पुन्हा लावा, दुधाला मला तीनदा लावावं लागलं. फक्त एसी लावल्यावर येत असेल तर फोमने भागणार नाही, कॉइल बाहेर काढून धुवावी लागेल आणि ते एसीवाल्याचंच काम.

पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या सीटच्या पायाशी आणि स्टेपनीखाली एकदा हात घालून बघा.